उतरणीखालचा डोह

१

नदीचं नाव मी सांगणार नाही. तिच्यावर अजून लोक जातात, आणि नदी तशी वाईट नाही. मेळघाटातून उतरते. दोन्ही काठांना साग आणि ऐन, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात. पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत तिच्यात राफ्ट चालेल एवढं पाणी असतं. पोहता न येणारा माणूसही लाइफ जॅकेट घालून बसू शकतो. आमच्या जाहिरातीत आम्ही तसंच लिहायचो : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी.

आम्ही म्हणजे मी, तनवीर, आणि माझा शाळेपासूनचा दोस्त किशोर. दोघेही परतवाड्याचे. उत्तराखंडात चार हंगाम राबून काम शिकलो, मग घरी येऊन एक जुनी राफ्ट घेतली. पुलाखाली पाण्यात उतरायचं, सहा किलोमीटर खाली बैलगाड्यांच्या उतारावर बाहेर निघायचं. तिथं किशोरची आई, दुर्गाबाई, जेवण घेऊन थांबलेल्या असायच्या.

काम ठरलेलं होतं. किशोर कायाक, म्हणजे एकट्यापुरती अरुंद होडी, घेऊन पुढं, कोणी पाण्यात पडलं तर उचलायला. मागं राफ्टमध्ये सहा पाहुणे, तीन राफ्टच्या डाव्या काठावर, तीन उजव्या, आणि सगळ्यांच्या मागं मी. मी तीनच शब्द वापरायचो. 'मारा' म्हटलं की सगळ्यांनी मिळून पॅडल मारायचं. 'उलटं' म्हटलं की मागं रेटायचं. 'थांबा' म्हटलं की पॅडल मांडीवर आडवं.

वाटेत तीन जागी पाणी उसळतं. तिसरीला आम्ही उतरण म्हणायचो. उतरण संपली की नदी एकदम गप्प होते. डोह लागतो, लांब, हिरवा, वीस-बावीस फूट खोल. तिथं मी 'थांबा' म्हणायचो आणि राफ्ट आपोआप सरकत राहायची. लोक फोटो काढायचे.

सप्टेंबरच्या शेवटी अमरावतीच्या सहा शिक्षिका आल्या होत्या. डोहात मी 'थांबा' म्हटलं. पाच जणींनी पॅडल मांडीवर घेतलं. माझ्या पुढ्यातच, डाव्या काठावर बसलेली सहावी बाई थांबली नाही.

ती पाणी मागं ओढत नव्हती. पॅडल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेत होती आणि कडेनं सरळ खाली घालत होती. कुऱ्हाडीनं लाकूड फोडावं तसं. तीनदा, चारदा.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं.

तिनं मागं वळून पाहिलं. चेहरा अगदी साधा, जरा गोंधळलेला. "तुम्हीच तर म्हणाले, मारा."

बाकीच्या हसल्या. मीही हसलो. दुपारी सामान धुताना तिचं पॅडल हातात आलं. पात्याची कड दोन बोटं फुटली होती. त्या डोहात दगड नाही. आम्ही दोरी सोडून तो दोनदा मोजला होता.

२

चार दिवसांनी डाव्या काठावरचे तिघंही मारत राहिले.

अकोल्याचे तरुण होते, एकाच दुकानात काम करणारे. उतरणीत आरडाओरडा करून झाला होता, म्हणून मला आधी वाटलं, मस्ती चालली आहे. पण ते तोंडातून शब्द काढत नव्हते. तिघांचे हात एकदम वर जात, एकदम खाली येत. आणि आवाज वेगळा होता. पॅडल सपाट पाण्यावर आपटलं की फटकन वाजतं. हा आवाज दबलेला होता, जड. घाटावर ओल्या गोधडीवर मोगरी पडते तसा.

मी 'थांबा' तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा थांबले. एकानं घाम पुसला आणि विचारलं, "झालं काय भाऊ?"

त्या दिवशी फुटलेल्या एका पॅडलच्या फटीत केसांचा लहानसा गुंता अडकला होता. काळे केस, मुळासकट.

मी तो किशोरला दाखवला. त्यानं चिमटीत धरून पाहिला आणि पाण्यात टाकून दिला.

"परवाच्या मॅडमच्या वेणीचा असन," तो म्हणाला. "पण मले एक सांग, तू त्या पोट्ट्याइले मारा-मारा काहून म्हणून राहिला होता? डोहात कायले मारा लागते?"

"मी थांबा म्हटलं."

"थांबा मागून म्हटलं. पह्यले मारा म्हटलं. म्या आयकलं ना. मले वाटलं तू मजा करून राहिला."

तो कायाकमध्ये माझ्यापासून वीस हात पुढं होता. पाण्यावरून आवाज लांब जातो, आणि उतरणीचा घोष मागं असतोच, त्यात काहीही ऐकू आल्यासारखं वाटतं. शिवाय दिवसभरात मी तो शब्द शंभर वेळा उच्चारतो. एखादा सवयीनं निसटलाही असेल. असं मी स्वतःला सांगितलं, आणि खरं म्हणजे मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना माझी बायको गजाला म्हणाली, "तुम नींद में किसको मारने का बोल रहे थे?" मी म्हटलं, कामाची सवय आहे.

३

डोह एकदा नीट पाहावा म्हणून एका रिकाम्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. भर दुपार होती. किशोरनं पाण्यातला चष्मा लावला, कमरेला दोरी बांधली आणि बुडी मारली. चार वेळा खाली जाऊन आला.

"कायी नाई," तो राफ्टला धरून म्हणाला. "वाळू हाय. दोन-चार मासोया हायेत."

"लाकूड? मेलेलं जनावर?"

"नाई म्हणतो ना बे." मग म्हणाला, "वाळूत एक जागा दबलेली हाय. एवढी." त्यानं हात पसरले. "माणूस उताणा झोपला तं कशी होईन, तशी. मगर नसते ना आपल्या इकडं?"

नसते. पाण्याच्या भोवऱ्यानं वाळूत खड्डे पडतात. मी त्याला ते सांगितलं, आणि त्यानं मान हलवली.

मग मी मला सुचला तो उपाय केला. शब्दच बदलला. 'मारा'च्या जागी 'चला'. आठ दिवस सगळं सुरळीत गेलं. पाहुणे डोहात पॅडल मांडीवर घेऊन गप्प बसायचे, फोटो काढायचे. मला स्वतःचं हसू यायला लागलं.

नवव्या दिवशी डोहात कोणीही हललं नाही, पण उजव्या काठावरच्या एका मुलीनं मागं वळून मला विचारलं, "सर, कोणाले मारा म्हणता?"

त्यानंतर मी बोलणंच बंद केलं. गळ्यात शिट्टी अडकवली. एक शिट्टी म्हणजे पॅडल, दोन म्हणजे थांबा. पाहुण्यांना सांगायचो की पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत.

किशोर म्हणाला, "तनवीर, हंगाम झाला की तू डॉक्टरले दाखव."

"मले काय झालं?"

"झालं नाई कायी. दाखव फक्त."

४

दसऱ्यानंतरच्या रविवारी पंजाबराव आले. अकोल्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, चौसष्ट वर्षांचे, सडपातळ. त्यांच्याबरोबर पत्नी माणिकबाई, लेक रागिणी आणि रागिणीच्या बँकेतले तीन सहकारी. सगळे पहिल्यांदाच येत होते. रागिणीनं वडिलांच्या वाढदिवसाला हे ठरवलं होतं.

माणिकबाई घाबरलेल्या होत्या. पुलाखाली राफ्टच्या रबरावर दोन मुंगळे फिरत होते. त्यांनी ते वाळक्या पानावर घेतले आणि काठावर नेऊन सोडले. "पाण्यात वायाच मरतीन बिचारे," त्या म्हणाल्या.

पंजाबरावांनी शिट्टीचे नियम दोनदा विचारून घेतले. "एक म्हणजे मारायचं, दोन म्हणजे थांबायचं. बरोबर?"

"चालवायचं," मी म्हटलं. "एक म्हणजे पॅडल चालवायचं."

"तेच ते," ते म्हणाले.

पहिल्या दोन जागा छान गेल्या. रागिणी खळाळून हसत होती. माणिकबाईंनी पहिल्या उसळीत डोळे मिटले, दुसरीत उघडे ठेवले. उतरणीच्या तोंडाशी मी एक लांब शिट्टी दिली, सगळे मिळून वाकले, राफ्ट दोनदा नाक वर करून आपटली आणि आम्ही भिजून खाली आलो.

पुढं किशोरची कायाक उलटी पडलेली दिसली.

यात भिण्यासारखं काही नव्हतं. कायाक उलटते, तो एका झटक्यात ती सरळ करतो. त्या दिवशी त्याला जमलं नाही. तो तिच्यातून बाहेर निघाला, पाण्यातून डोकं वर काढून हसला आणि पोहत आमच्याकडे यायला लागला. कायाक प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली.

मी दोन शिट्ट्या दिल्या. सहाही पॅडलं मांड्यांवर आडवी झाली. माझंही. राफ्ट डोहात शिरली आणि नदी गप्प झाली.

किशोरनं राफ्टच्या डाव्या काठाची दोरी धरली. पंजाबराव त्या काठावर सगळ्यात पुढं होते. किशोर त्यांना म्हणाला, "सर, जरा हात द्या."

तेव्हा मी माझा आवाज ऐकला.

"मारा."

शिट्टी माझ्या दातांत होती. मी ती इतकी घट्ट धरली होती की नंतर दाताचा तुकडा पडलेला दिसला. आवाज मागून आला नाही, बाजूनं आला नाही. खालून आला, राफ्टच्या रबरातून, माझ्या पायांच्या तळव्यांना जाणवला. नवख्या माणसाला धीर द्यायला मी जसा बोलतो, तसाच तो होता. शांत, थोडा बसलेला.

५

पहिला फटका हेल्मेटवर बसला. किशोर अजून हसत होता. त्याला वाटलं, चुकून लागलं.

दुसरा खांद्यावर पडला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मग उजव्या काठावरचे तिघंही उठून डाव्या काठाशी आले. घाई नव्हती, गोंधळ नव्हता. एकमेकांना पॅडल लागू नये म्हणून त्यांनी जागासुद्धा करून घेतली. सहा पॅडलं एकदम वर गेली.

किशोरची बोटं दोरीवर होती. रागिणीनं त्यांच्यावर मारलं. बोटं सुटली नाहीत, म्हणून पुन्हा मारलं. दुसऱ्या फटक्यात सुटली. माणिकबाई तोंडावर मारत होत्या. दर वेळी नेम धरून, मान किंचित तिरपी करून. पोह्यातले खडे वेचताना बाईचा चेहरा असतो तसा त्यांचा होता. किशोरचा जबडा एका बाजूला सरकला. तो काहीतरी म्हणत होता, पण तोंडातून नुसतं रक्त येत होतं.

कोणी ओरडत नव्हतं. मी एकटा ओरडत होतो. 'थांबा' म्हटलं, नाव घेऊन म्हटलं, पंजाबरावांना मागून मिठी मारून ओढलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण जागचा हलला नाही. मग मी माझं पॅडल उचललं आणि त्यांच्या मनगटावर घातलं. मनगट वाकडं झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पॅडल दुसऱ्या हातात घेतलं.

किशोरच्या जॅकेटचे पट्टे तुटले होते. जॅकेट त्याच्या अंगातून निघालं आणि तरंगत बाजूला गेलं. तो खाली जायला लागला. तरी ते मारत होते, आता पाण्यात, तो जिथं होता तिथं. दबलेला, जड आवाज. मला तो ओळखीचा होता.

सगळ्यांचं वजन डाव्या काठावर होतं. मी उजव्या काठाची दोरी धरली, डाव्या काठावर पाय रोवले आणि अंग मागं टाकून दिलं. राफ्ट किशोरवरच पडणार हे मला कळत होतं. पण पॅडलपेक्षा पाणी बरं, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

६

उलट्या राफ्टखाली थोडी हवा राहते. मी तिथं वर आलो. रबरातून हिरवट उजेड झिरपत होता. मी राफ्टची दोरी धरली, श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घालून खाली पाहिलं.

आधी पाय दिसले. सहा माणसांचे, सायकल चालवल्यासारखे हलणारे. जॅकेटांनी ते तरंगत होते आणि त्यांच्या हातांतून पॅडलं सुटली होती. त्यांच्या खाली किशोर होता, हात पसरून बुडत चाललेला, तोंडातून धुरासारखं रक्त निघत होतं.

किशोरच्या खाली आणखी कोणीतरी होतं.

मी तो चेहरा पुरता पाहिला नाही. पाणी गढूळलं होतं आणि माझे डोळे जळत होते. तो उताणा होता, कपाळ फुटलेलं होतं आणि एका बाजूचे केस नव्हते. त्याचं तोंड मात्र मला दिसलं. ओठ मिटत होते आणि उघडत होते. 'मा' म्हणताना मिटतात तसे. पुन्हा मिटत, पुन्हा उघडत.

किशोरकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. दोरीवरचा हात मला सोडवेना. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, इथं सांगतो.

आणि मग किशोर वर आला. हात न हलवता, पाय न हलवता, सरळ माझ्याकडे, कोणी उचलून द्यावा तसा. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढत काठाला नेलं.

७

अकोल्याच्या सहाही जणांनी एकच जबानी दिली. किशोर बुडत होता. त्याला धरता यावं म्हणून त्यांनी पॅडलं पुढं केली. तेवढ्यात मागच्या माणसाचं डोकं फिरलं. त्यानं पंजाबरावांचं मनगट मोडलं आणि राफ्ट उलटवली. किशोरला लागलं ते राफ्टखाली, नाहीतर उतरणीच्या दगडांवर.

ते खोटं बोलत नव्हते. मी ठाण्यात त्यांच्यासमोर बसलो होतो. माणिकबाई रडत होत्या. "मी त्याच्याकडं वल्हं केलं होतं हो," त्या हवालदाराला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "त्याच्या हाताशी नेलं होतं. त्यानं धरलंच नाई."

माझ्यावर गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला. राफ्ट पोलिसांनी जप्त केली.

किशोरचा जबडा तारांनी बांधला होता. दीड महिना तो नळीनं दूध पीत होता. पोलिसांनी त्याला कागद दिला, तर त्यानं डाव्या हातानं लिहिलं : आठवत नाही. मी दवाखान्यात रोज जायचो. तो डोळे मिटून पडलेला असायचा. मला वाटायचं, झोपला आहे.

तारा काढल्यावर तो घरी आला, तेव्हा मी गेलो. दुपारचे तीन वाजले होते. दुर्गाबाई स्वयंपाकघरात होत्या. मी खाटेजवळ खुर्ची ओढून बसलो. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चेहरा एका बाजूला बसका झाला होता.

"त्याईनं कायी मुद्दाम नाई केलं," मी म्हटलं. "मी त्या दिवशी तोंडातून शब्द काढला नाई, किशोर. शिट्टी दातात होती."

"पह्यलं पॅडल तुहं होतं," तो म्हणाला.

शब्द अजून नीट फुटत नव्हते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माहं मांडीवर होतं."

"हेल्मेटवर बसलं ते तुहं. म्हणून तं मी हसलो. मले वाटलं, तनवीर हाय, गंमत करून राहिला." त्यानं थुंकी गिळली. "मंग तू दुसरं मारलं. खांद्यावर. माह्या डोयात पाहून. मंग ते लोक उठले."

मला पॅडल मांडीवर असल्याचं आठवत होतं. आजही मला ते आठवतं. मांडीवरचं वजन, दांड्याचा गारवा, सगळं.

"मग राफ्ट कोणी उलटवली?" मी विचारलं. "मी उलटवली ना? तुले वाचवाले?"

"ते म्या नाई पाह्यलं. मी तवा खाली होतो."

"मीच काढलं तुले बाहेर."

"हो," तो म्हणाला. "तूच काढलं. खालून माह्या पाठीले हात लावला. वर ढकलत होता मले. तुहं डोकं फुटलं होतं, तरी ढकलत होता."

"खालून?"

"खालून. अन् बोलून राहिला होता. पाण्यात तोंडातून बुडबुडे निघत होते, तरी बोलून राहिला होता. मारू नका, मारू नका. तेवढंच."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी माझ्या कपाळाला हात लावला. तिथं काही नव्हतं. माझं डोकं त्या दिवशी फुटलंच नव्हतं, साधा ओरखडाही नव्हता. दवाखान्यात तपासलं तेव्हा डॉक्टरही म्हणाले होते, तुम्हाला काहीच कसं लागलं नाही?

किशोर माझ्या कपाळाकडेच पाहत होता. दवाखान्यात तो डोळे मिटून पडायचा तेव्हा झोपलेला नसायचा, हे मला आता समजलं.

"किशोर," मी म्हटलं, "मी वरच होतो. दोरी धरून."

त्यानं डावा हात पांघरुणात ओढून घेतला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "माय."

दुर्गाबाई पदराला हात पुसत आल्या. "काय पायजे बापू?"

"कायी नाई," किशोर म्हणाला. "इथंच बस. हा जायेपर्यंत इथंच बस."